एनिअग्राममधील प्रकार-ओळख

एनिअग्राम या व्यक्तिमत्त्व-पद्धतीत माणसांच्या स्वभावाचे नऊ प्रकार मानले आहेत. त्यांपैकी एक प्रकार ‘हा माझा’ म्हणून मान्य करणे, ही प्रकार-ओळख. या वर्तुळात वावरणारी माणसे ‘मी फाइव्ह आहे’, ‘तुझा नंबर कोणता?’ असे सर्रास बोलतात. ग्रीक ‘एनिआ’ म्हणजे नऊ आणि ‘ग्रामा’ म्हणजे लिहिलेली वा रेखाटलेली गोष्ट. मराठीत या पद्धतीला रूढ प्रतिशब्द नाही, आणि इंग्रजी नावावर कुणाचे अडतही नाही. ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांच्या लेखी प्रकार ही मिरवायची गोष्ट नव्हती, ती सोडवायची गाठ होती. आज मात्र लोक आपला नंबर आडनावासारखा सांगतात. हा बदल कसा झाला, यातच या पद्धतीचा बराचसा इतिहास आला.

मराठी वाचकाची पहिली गफलत होते ती मूलांकाशी. जन्मतारखेच्या आकड्यांची बेरीज करून येणारा मूलांकही एक ते नऊच असतो. पण एनिअग्रामच्या नंबराचा जन्मतारखेशी, ग्रहांशी किंवा शुभाशुभाशी संबंध नाही. आकड्यांत लहानमोठेपणाही नाही; नऊ नंबराचा माणूस एक नंबराच्या माणसापेक्षा वरचढ ठरत नाही. आकडा फक्त आकृतीतली जागा दाखवतो.

ही आकृती म्हणजे एक वर्तुळ आणि त्याच्या परिघावर सारख्या अंतराने नऊ बिंदू. तीन, सहा आणि नऊ हे बिंदू जोडून त्रिकोण होतो. उरलेले सहा बिंदू एक-चार-दोन-आठ-पाच-सात आणि पुन्हा एक या क्रमाने जोडले जातात. हा क्रम एक भागिले सातच्या भागाकारातून आला आहे. उत्तर ०.१४२८५७ असे येते, तेच सहा अंक पुन्हा पुन्हा फिरत राहतात आणि त्यांत तीन, सहा, नऊ कधीच येत नाहीत. गणित शाळेतले, पण आकृतीला गूढ वलय मिळाले ते बरेचसे याच भागाकारामुळे.

आधुनिक काळात ही आकृती लोकांसमोर आणली जॉर्ज गुर्जिएफ (मृत्यू १९४९) या आर्मेनियात जन्मलेल्या गुरूने. १९१६च्या सुमारास रशियातल्या आपल्या शिष्यांना त्याने ती शिकवली. त्याच्या शिकवणीत मात्र स्वभावाचे नऊ प्रकार नव्हते. कोणतीही प्रक्रिया कशी पुढे सरकते, कुठे अडखळते आणि तिला बाहेरून कुठे रेटा लागतो, हे दाखवण्यासाठी तो ती वापरत असे. स्वभावाविषयी त्याची वेगळी कल्पना होती, ती ‘मुख्य दोषा’ची. प्रत्येकात एक मूळ दोष असतो, बाकीचे सगळे त्याभोवती फिरते आणि तो ज्याचा त्याला दिसत नाही. शिष्य ओस्पेन्स्की याने नोंदवलेला एक प्रसंग मासलेवाईक आहे. तुझा दोष म्हणजे तू प्रत्येक गोष्टीवर प्रत्येकाशी वाद घालतोस, असे गुर्जिएफने एकाला सांगितले. मी कधीच वाद घालत नाही, असे तो तावातावाने म्हणाला, आणि सगळे हसू लागले. पुढच्या शंभर वर्षांत प्रकार-ओळखीवर जे काही लिहिले गेले, त्याचे बीज या प्रसंगात आहे. ज्याच्याकडे दोष आहे तोच त्याचा सर्वांत वाईट साक्षीदार असतो.

आकृती आणि स्वभाव यांची सांगड घातली ती ऑस्कर इचाझो (१९३१–२०२०) या बोलिव्हियात जन्मलेल्या शिक्षकाने. १९७० साली चिलीच्या उत्तर टोकावरच्या आरिका या बंदराच्या गावी त्याने काही महिन्यांचे शिबिर घेतले. अमेरिकेतून सुमारे पन्नास माणसे त्यासाठी आली. इचाझो याला व्यक्तिमत्त्वाचे प्रकार म्हणत नसे. त्याच्या मते लहानपणी माणूस आपल्या मूळ स्वरूपापासून तुटतो आणि अहंकार एका ठरावीक ठिकाणी अडकून बसतो. अशा नऊ अडकणी आहेत. त्यांना त्याने दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. पाच नंबर ‘इगो-स्टिंज’, म्हणजे कंजूष. सहा ‘इगो-कावर्ड’, म्हणजे भित्रा. दोन ‘इगो-फ्लॅट’, म्हणजे खुशामत्या. आठ ‘इगो-व्हेंज’, म्हणजे सूड घेणारा. ‘मी भित्रा’ असे लिहिलेला बिल्ला छातीवर लावून फिरायची हौस कुणाला असणार?

या शिबिरात क्लाउदिओ नारांहो (१९३२–२०१९) हा चिलीचा मानसोपचारतज्ज्ञ होता. परत आल्यावर १९७१पासून त्याने कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे लहान गट चालवले, आणि प्रत्येक अडकणीला मानसोपचाराच्या भाषेत बसवले. पुढे त्याने नऊ प्रकार मनोविकारांच्या वर्गीकरणातल्या व्यक्तिमत्त्व-विकृतींशीही जोडून दाखवले. गटात शिकलेले बाहेर सांगायचे नाही, असा दंडक होता. तो पाळला गेला नाही. रॉबर्ट ऑक्स हा जेझुइट या कॅथलिक संघातला धर्मगुरू त्या गटात होता. त्याने शिकागोच्या लोयोला विद्यापीठात हा विषय शिकवला आणि तिथून टिपणांच्या प्रती जेझुइटांच्या संस्थांतून हातोहात फिरल्या. डॉन रिसो या तेव्हाच्या जेझुइट विद्यार्थ्याला ही टिपणे १९७४ साली टोरोंटोमध्ये मिळाली. त्याचे पुस्तक १९८७ साली आले, हेलन पामर या अमेरिकी शिक्षिकेचे १९८८ साली. गुप्त शिकवण आता पुस्तकांच्या दुकानात होती.

पामरवर इचाझोच्या आरिका संस्थेने स्वामित्वहक्काचा दावा लावला. १९९२ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयात संस्था हरली. हरण्याचे एक कारण मजेशीर आहे. या नऊ अडकणी आपण रचलेल्या नाहीत, त्या शोधून काढलेली मानवी स्वभावाची सत्ये आहेत, असे संस्थेनेच आपल्या साहित्यात म्हटले होते. न्यायालयाने तेच धरून ठेवले, कारण सत्य कुणाच्या मालकीचे नसते. नऊ प्रकार खरोखर अस्तित्वात आहेत की नाहीत यात न्यायालय पडले नाही. तरी तेव्हापासून ही पद्धत ज्याने-त्याने आपापल्या परीने शिकवावी, याला रान मोकळे झाले.

याच काळात नावे गोड झाली. कंजूष होता तो ‘शोधक’ झाला, भित्रा ‘निष्ठावंत’ झाला, खुशामत्या ‘मदतनीस’, सूड घेणारा ‘आव्हान देणारा’. एक नंबर सुधारक, तीन यशस्वी, चार स्वतंत्र वृत्तीचा, सात उत्साही, नऊ शांतिदूत. नोकरीच्या अर्जात लिहावेत असे हे शब्द आहेत. आपला प्रकार शोधण्यातली लाज गेली आणि हौस आली, ती या नामांतरानंतर.

प्रकार ओळखायचा कसा, याबाबत सगळ्या शाखांचे एका मुद्द्यावर एकमत आहे: वागणे पाहायचे नाही, त्यामागची ओढ पाहायची. समजा घरी पाहुणे जेवून गेले आणि रात्री बाराला एक जण एकटाच भांडी घासत उभा आहे. दुसऱ्या कुणी घासली तर तेलकट राहतील, असे मनात असेल तर तो एक नंबर. उद्या कुणीतरी म्हणावे, ‘अरे, तू होतास म्हणून झालं,’ अशी आस असेल तर दोन. सकाळी आईने विचारले तर आपल्यावर यायला नको, या धास्तीने असेल तर सहा. ‘तू घास’ म्हणायचे म्हणजे रात्री वाद, त्यापेक्षा आपणच उरकलेले बरे, असे असेल तर नऊ. पातेले एकच, घासणी एकच. बाहेरून पाहणाऱ्याला यातला फरक कळणे अशक्य आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याचा नंबर परस्पर ठरवणे हा या वर्तुळात आगाऊपणा समजला जातो. प्रत्यक्षात तो आगाऊपणा सगळेच करतात. सासूपासून साहेबापर्यंत कुणीही सुटत नाही.

ओळखण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला प्रश्नावलीचा. रिसो आणि रस हडसन यांच्या प्रश्नावलीत विधानांच्या १४४ जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतले एक विधान निवडावेच लागते. प्रत्येक प्रकाराच्या वाट्याला ३२ विधाने येतात. एका प्रकाराला गुण मिळाला की तो दुसऱ्याचा हुकतो, त्यामुळे गुणपत्रिकेत कुणीतरी पहिला येतोच. हा पहिला नंबर म्हणजे तुमचाच प्रकार, असे मात्र शिक्षकही छातीठोकपणे सांगत नाहीत. दुसरा मार्ग गप्पांचा. पामर आणि स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड डॅनियल्स यांनी रुजवलेल्या पद्धतीत एकाच प्रकाराची चार-पाच माणसे पुढे खुर्च्यांवर बसतात, शिक्षक त्यांना प्रश्न विचारतो आणि बाकीचे ऐकतात. राग आला की शरीरात काय होते, कुणी स्तुती केली की मनात पहिले काय येते, असे हे प्रश्न असतात. ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला मध्येच जाणवते की हे तर आपलेच बोलणे आहे. प्रश्नावलीपेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण इथे माणूस वर्णनाशी नाही, दुसऱ्या माणसाशी स्वतःला ताडून पाहतो.

चुकीची ओळख फार होते, आणि त्यातही ठरावीक जोड्या आहेत. भीतीवर धावून जाणारा सहा नंबर स्वतःला आठ समजतो. सगळ्यांशी जुळवून घेणारा नऊ नंबर जे वर्णन वाचील त्यात स्वतःला पाहतो, म्हणून त्याची ओळख सर्वांत उशिरा पटते. स्त्रियांना लहानपणापासून दुसऱ्यांचे करायला शिकवले जाते, त्यामुळे दोन नंबर नसलेल्या अनेक जणी स्वतःला दोन ठरवतात. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण घरातले वळण आणि स्वभाव यांतली रेघ कुठे ओढायची, याचे उत्तर या पद्धतीकडे नीटसे नाही. प्रकार बरोबर सापडल्याची खूण म्हणून जुने शिक्षक एकच गोष्ट सांगतात: वर्णन वाचताना सुखावण्याऐवजी ओशाळायला होते.

दोषांची यादी पाहून मराठी माणसाला षड्रिपू आठवणे स्वाभाविक आहे. एकाला क्रोध, दोनला मद, चारला मत्सर, पाचला लोभ आणि आठला, थोडे ओढूनताणून, काम लावता येतो. पुढे जोड जुळत नाही. तीनचा फसवेपणा, सहाची भीती, सातची हाव आणि नऊचा आळस यांना सहांत नेमकी जागा नाही, आणि मोह कुणाच्या वाट्याला द्यावा हा प्रश्न उरतो. कारण यादीचे मूळ ख्रिस्ती आहे. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रिअस या वाळवंटात राहणाऱ्या साधूने साधनेत आड येणारे आठ विचार सांगितले, पुढे त्यांची सात महापापे झाली. त्या सातांत फसवेपणा आणि भीती मिळवली की एनिअग्रामचे नऊ होतात. खरा फरक मात्र आकड्याचा नाही. षड्रिपू सगळ्यांत असतात. ‘मी मत्सर प्रकारचा’ असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही. एनिअग्रामही नऊच्या नऊ दोष सगळ्यांत मानतो, पण त्यांतला एक घरचा कारभारी असतो आणि तो जन्मभर बदलत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीला याहून पद्धतशीर रूप क्वचितच मिळाले असेल.

मानसशास्त्राचा या पद्धतीवर फारसा विश्वास नाही. १९४८ साली बर्ट्रम फोरर याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या चाचणीवरून काढलेले वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. कागद सगळ्यांना एकच होता, आणि त्यातली वाक्ये राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. वर्णन किती जुळते, यावर विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. एनिअग्रामच्या वर्णनांनाही हा आक्षेप लागू पडतो, निदान पुस्तकातल्या गुळगुळीत वर्णनांना तरी. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात १०४ नमुनागटांवरचे संशोधन एकत्र पाहिले गेले. विश्वासार्हतेचे पुरावे संमिश्र निघाले, आणि घटक-विश्लेषणात, म्हणजे उत्तरांचे आपसांत किती वेगळे गट पडतात हे पाहण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धतीत, बहुधा नऊपेक्षा कमीच घटक सापडले. पंख, म्हणजे शेजारच्या नंबराची छटा, आणि बाण, म्हणजे ताणात व वाढीत माणूस ज्या नंबराकडे सरकतो ती दिशा, या कल्पनांना तर आधार आणखी तुटपुंजा आहे. कॅथलिक चर्चची नाराजी वेगळ्या कारणाने आहे. व्हॅटिकनच्या २००३च्या एका दस्तऐवजात, आध्यात्मिक वाढीचे साधन म्हणून एनिअग्राम वापरल्यास श्रद्धेत संदिग्धता शिरते, असा इशारा आहे. ज्या धर्मसंस्थांतून एनिअग्राम पसरला त्यांच्याच मुख्यालयाकडून हा इशारा यावा, हेही खरे.

तरीही माणसे आपला नंबर धरून ठेवतात. स्वतःच्या विखुरलेल्या सवयींना एक नाव मिळाले की दिलासा वाटतो, आणि त्याच नावाची आणखी माणसे भेटली की एकटेपणा कमी होतो. याची दुसरी बाजू म्हणजे निमित्त: ‘मी आठ आहे, मी तोंडावर बोलणारच.’ इचाझोच्या शिबिरात हे वाक्य निदान म्हणून ऐकले गेले असते, आता ते परवाना म्हणून ऐकू येते.

काही वर्षांनी नंबर बदलणारे पुष्कळ असतात. स्वभाव बदललेला नसतो, आधीची ओळख चुकलेली असते. अशा वेळी माणूस मागचे प्रसंग पुन्हा काढून बसतो. दोन नंबर म्हणून जे त्याने ‘मी सगळ्यांसाठी किती केले’ असे सांगितले होते, तेच नऊ नंबर म्हणून ‘मला कधी नाही म्हणता आले नाही’ असे सांगू लागतो. भांडी घासल्याची ती रात्रही त्यात असते.