संत्र्याच्या मधोमध क्षेत्र किती?

डिसेंबरात नागपूरची हवा इतकी कोरडी होते की रात्री लोकरीचं स्वेटर डोक्यावरून काढताना चट्‌चट्‌ आवाज येतो. बारावीतल्या भाचीला त्यावरूनच सुचलं, "मामा, प्रभार वस्तूच्या आतही भरलेला असेल तर अगदी मधोमध विद्युत क्षेत्र सगळ्यात जास्त ना? तिथे चहूबाजूंनी प्रभारच प्रभार!"

उलट, तिथे ते क्षेत्र, म्हणजे एकक प्रभारावर पडणारं बल, शून्य असतं.

आंबिया बहाराचं संत्रं हातात होतंच. म्हटलं, हे मेणाचं समज, त्रिज्या 4 सेंटीमीटर, प्रभार सगळीकडे सारखा कालवलेला. (खऱ्या संत्र्याचा उपयोग नाही. रसातून वीज वाहते, जादा प्रभार लगेच सालीवर पळतो. मेणात तो ठेवला तिथेच अडकून राहतो.)

जर्मन गणितज्ञ गॉसचा नियम सांगतो की बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा एकूण विद्युत अभिवाह (अशा गोळ्याभोवतीच्या गोलावर सरळ क्षेत्र गुणिले क्षेत्रफळ) फक्त आत कोंडलेल्या प्रभारावर ठरतो. गॉसनं तो 1835 साली मांडला, पण छापून आला 1867 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर 12 वर्षांनी.

आता केंद्रापासून 2 सेंटीमीटरवर एक काल्पनिक गोल आखा. त्रिज्या निम्मी, म्हणून आतला प्रभार एक अष्टमांश. गोलाचं क्षेत्रफळ मात्र एक चतुर्थांश. भागाकार केला की क्षेत्र पृष्ठभागाच्या निम्मं येतं. एक सेंटीमीटरवर पाव, केंद्रात शून्य. बाहेरच्या थराचं काय? सोललेल्या सालीसारखा तो बाजूला ठेवा. समोरासमोरचे ओढे एकमेकांना पुरते खोडतात.

एकूण प्रभार 1 नॅनोकूलोम (प्रभाराच्या एककाचा, कूलोमचा, अब्जावा भाग) धरला, तर गोळ्याच्या लगेच बाहेर मीटरला सुमारे 5,600 व्होल्ट. ठिणगी पडायला हवेत मीटरला साधारण 30 लाख लागतात, म्हणजे अजून पाचशेपटीहून जास्त. पुस्तकी गणितात मेणाचं स्वतःचं ध्रुवीकरण (क्षेत्रामुळे रेणूंतले धन-ऋण प्रभार किंचित सरकणं) बहुधा सोडून देतात. ते धरलं तर आतलं क्षेत्र आणखी निम्म्याच्या आसपास उतरतं, पण केंद्राकडे सरळ रेषेत घटण्याची चाल तीच.

भाचीनं डब्यातली संत्रा बर्फी उचलली. "आणि ही चौकोनी?"

नियम इथेही खराच, पण हाती फारसं लागत नाही. घनाच्या कोपऱ्याजवळ क्षेत्र एक, बाजूच्या मधोमध दुसरं. मग नुसता भागाकार करून भागत नाही, तुकड्या-तुकड्यांची बेरीज करत बसावं लागतं. केंद्रातलं उत्तर मात्र तिनं बर्फी तोंडात टाकता टाकताच दिलं: "शून्यच."