शाळेच्या अनुदानाचा हिशेब पालकांना मागता येतो

‘सरकारी शाळेतल्या उपक्रमांसाठी आलेला पैसा मुख्याध्यापकच ठरवून खर्च करतात, पालकांना विचारता येत नाही’ हा मेसेज नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. सह्या आणि बिलं मुख्याध्यापकांकडेच दिसतात, म्हणून तो खराही वाटतो.

पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असावीच लागते. तिच्यात किमान 75 टक्के सदस्य पालक, निम्म्या सदस्य महिला. शाळा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदान कसं वापरलं यावर लक्ष ठेवणं, हे तिचंच काम. (खासगी अनुदानित शाळांत मात्र ती फक्त सल्ला देते.)

पडताळायचं कसं? सगळ्यात आधी बैठकीचं इतिवृत्त मागा. वाचनालय किंवा विज्ञान साहित्याच्या खरेदीचा ठराव त्यात आहे का? मग ठराव, बिल आणि साठा नोंदवही यांतली संख्या जुळवा. घोळ असला तर तो बहुधा इथेच सापडतो. ठरावात वीस पुस्तकसंच आणि साठ्यात बारा, असं दिसलं तर बैठकीतच विचारा. कागद मिळालेच नाहीत, तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. उत्तराची मुदत साधारण 30 दिवस.