स्वस्त प्रीपेडची स्पर्धा : दुकानं अनेक, टॉवर मोजक्यांचे

मोबाइल नवा होता तेव्हा तो घ्यायचा तर करार, दरमहा बिल आणि ते फेडण्याच्या ऐपतीचा पुरावा, हे सगळं लागायचं. पक्की नोकरी किंवा पत नसलेल्यांना कंपन्या ग्राहक मानतच नव्हत्या. पोर्तुगालच्या टीएमएन या मोबाइल कंपनीने १९९५ मध्ये ‘मिमो’ ही सेवा आणली. रिचार्ज होणाऱ्या पहिल्या प्रीपेड सेवांमध्ये तिची गणना होते. पैसे आधीच हातात आल्याने कंपनीला थकबाकीची धास्ती उरली नाही. कॉल चालू असतानाच बॅलन्स तपासणारी आणि तो संपताच कॉल तोडणारी यंत्रणा तयार झाल्यामुळे हे जमलं.

मात्र प्रीपेड तेव्हा स्वस्त नव्हतं. मिनिटाचा दर बहुतेक ठिकाणी पोस्टपेडहून जास्त, एक सेकंद वर गेला तरी पूर्ण मिनिटाचे पैसे, आणि व्हॅलिडिटी संपली की उरलेला बॅलन्स बुडाला. ज्याची कमाई कमी, तोच मिनिटामागे जास्त मोजत होता. प्रीपेडमुळे मोबाइल सर्वांपर्यंत पोहोचला हे खरं, पण हा अन्यायही विसरता कामा नये.

दर खऱ्या अर्थाने उतरले ते स्वतःचा टॉवर नसलेल्या कंपन्यांमुळे. दुसऱ्याच्या नेटवर्कवरची मिनिटं घाऊक भावाने घ्यायची आणि आपल्या नावाने विकायची, असा हा व्यवसाय. ब्रिटनमध्ये व्हर्जिन मोबाइलने १९९९ मध्ये वन-टू-वनच्या नेटवर्कवर तो सुरू केला. डेन्मार्कच्या टेलमोरने २००० पासून इंटरनेटवरूनच ग्राहक जोडून दुकानांचा खर्च वाचवला. जर्मनीत २००५ मध्ये ई-प्लसच्या नेटवर्कवर ‘सिम्यो’ आली, आणि त्याच वर्षाअखेरीस किराणा विकणाऱ्या आल्डीनेही सिमकार्डं विकायला काढली. करार नसल्याने ग्राहक कधीही सोडून जाऊ शकत होता. या एका गोष्टीने कंपन्यांना दर उतरवायला भाग पाडलं.

भारतात लढाई नेटवर्कवाल्यांमध्येच झाली. २००९ मध्ये टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि इतरांनाही मिनिटाचा हिशोब सोडावा लागला. २०१६ मध्ये जिओने कॉल मोफत केले. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली आणि व्होडाफोन व आयडिया एक झाल्या.

अमेरिकेत लहान ब्रँड एकेक करून मोठ्या नेटवर्कवाल्यांच्या पंखाखाली गेले. मेट्रोपीसीएस २०१३ मध्ये टी-मोबाइलकडे, क्रिकेट वायरलेस २०१४ मध्ये एटी अँड टीकडे, ट्रॅकफोन २०२१ मध्ये व्हेरायझनकडे, मिंट २०२४ मध्ये पुन्हा टी-मोबाइलकडे. नावं वेगळी राहिली, पण घाऊक भाव ठरवणारा आणि किरकोळ विकणारा एकच झाला. माझ्या मते ग्राहकाचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं, कारण दुकानात चार पाट्या दिसतात आणि मालक एक असतो.

नियामकांना हे कळत नव्हतं असं नाही. २०१४ मध्ये ई-प्लस टेलिफोनिका या स्पॅनिश दूरसंचार कंपनीच्या हाती जाताना, नेटवर्कच्या क्षमतेचा ठरावीक हिस्सा टॉवर नसलेल्या कंपन्यांना विकण्याची अट युरोपीय आयोगाने घातली. अमेरिकेत टी-मोबाइल व स्प्रिंट यांच्या विलीनीकरणावेळी बूस्ट ही प्रीपेड सेवा २०२० मध्ये डिश या उपग्रह टीव्ही कंपनीला विकायला लावली गेली. डिशने स्वतःचे टॉवर उभारून चौथा स्पर्धक व्हावं, अशी अपेक्षा होती. ऑगस्ट २०२५ मध्ये डिशची मालक एकोस्टार हिने बरंचसं स्पेक्ट्रम, म्हणजे मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओलहरींचे हक्क, एटी अँड टीला विकण्याचा करार केला, आणि बूस्टची सेवा एटी अँड टीच्या नेटवर्कवर चालवायचं ठरलं.