अल्प-कार्बन ॲल्युमिनियम (भारत)

निर्मितीत हरितगृह वायू तुलनेने कमी बाहेर पडतात असे ॲल्युमिनियम. चीनखालोखाल सर्वाधिक प्राथमिक ॲल्युमिनियम भारतात होते, वर्षाला सुमारे ४० लाख टन. आणि त्यातले बहुतेक कोळशाच्या विजेवर. त्यामुळे इथे हा प्रश्न मुख्यतः विजेचा आहे.

१८८६ साली चार्ल्स हॉल आणि पॉल एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेली पद्धत आजही चालते. बॉक्साइट या खनिजापासून काढलेली ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) सुमारे ९६० अंश सेल्सिअसला वितळलेल्या क्रायोलाइट या क्षारात विरघळवून त्यातून वीज सोडतात. सुटलेला ऑक्सिजन कार्बनच्या धनाग्राला (वीज आत सोडणाऱ्या कांडीला) खात जातो आणि टनामागे साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड तिथेच निघतो. वीज लागते टनाला १३ ते १५ हजार युनिट. कोळशाच्या विजेचा युनिटमागे किलोभर कार्बन डायऑक्साइड धरला, तरी एकट्या विजेपोटी १३ ते १५ टन झाले. नॉर्वे-आइसलँडचे कारखाने जलविद्युत वापरून हा मोठा आकडा जवळजवळ पुसून टाकतात.

गंमत म्हणजे भारतातली सुरुवातही पाण्यावरच झाली. १९४३ मध्ये केरळात आलुव्याजवळ अलुपुरमला पहिला स्मेल्टर (ॲल्युमिनापासून धातू काढणारा कारखाना) निघाला तो पल्लिवासलच्या जलविद्युतेच्या भरवशावर. १९५९ चा हिराकुड कारखाना, १९६२ चा रेणुकूट, तामिळनाडूतला मेत्तूर, सगळे धरणांच्या आसऱ्याने उभे राहिले. पुढे धरणाची वीज पुरेना. रेणुकूटसाठी रेणुसागरला कोळशाचे स्वतंत्र वीज केंद्र आले, आणि कोरबा, अंगुल, झारसुगुडा इथले कारखाने तर कोळशाच्या पट्ट्यातच वसले.

परतीची वाट अवघड आहे, कारण स्मेल्टर मनाला येईल तेव्हा बंद-चालू करता येत नाही. चार-पाच तास वीज गेली की पॉटमधला (वीज सोडतात त्या भांड्यातला) रस थिजतो. मग आतला गोळा फोडून काढा, अस्तर बदला. म्हणून नुसत्या दिवसाच्या सौरविजेवर भागत नाही. वारा, ऊन आणि पंपाने वर चढवलेले पाणी यांची सांगड घालावी लागते. हिंदाल्को कंपनीने ओडिशातल्या आदित्य कारखान्यासाठी ग्रीनको या वीज कंपनीशी केलेला १०० मेगावॅटचा चोवीस तास पुरवठ्याचा करार याच धर्तीचा. वेदान्त या दुसऱ्या ॲल्युमिनियम कंपनीने २०२२ मध्ये ‘रेस्टोरा’ नावाने कमी कार्बनचा माल आणला. अशा मालाच्या उत्सर्जनाच्या आकड्याबरोबर संपूर्ण कारखान्याची सरासरीही विचारलेली बरी.

धनाग्रातून कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन सोडणारे तंत्र अल्कोआ आणि रिओ टिंटो या कंपन्या २०१८ पासून कॅनडातल्या क्युबेकमध्ये विकसित करत आहेत. भारतीय कारखान्यांत ते आलेले नाही. भंगाराचा मार्ग जुना आणि खात्रीचा: जर्मनची पातेली, खिडक्यांच्या चौकटी, इंजिनाचे भाग वितळवायला नव्या धातूच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा पुरते. मिश्रधातू वेगळे करणे हीच त्यातली मेख.

भारत सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये या उद्योगाला उत्सर्जन-तीव्रतेची (टनामागे किती वायू सोडायचा याची) लक्ष्ये ठरवून दिली. युरोपीय संघाची आयात मालावरची सीमेवरची कार्बन आकारणी १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्षात आली. ॲल्युमिनियमपुरती ती सध्या थेट, म्हणजे कारखान्यातच होणारे, उत्सर्जनच मोजते. म्हणजे धनाग्राचा दीड टन हिशेबात येतो, विजेमागचे तेरा ते पंधरा टन येत नाहीत.