दहिवडीवरचा ढग आणि पोरीचा सीबीसी

पांढऱ्या पेशी १६,८००. रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला आणि शेजारी वर जाणारा बाण. माझी पुतणी तेव्हा १४ महिन्यांची. आदल्या संध्याकाळपासून १०३ ताप, ना सर्दी ना खोकला. डॉक्टरांकडे जायच्या आधीच वहिनीनं साताऱ्यातल्या एका लॅबमध्ये सीबीसीसाठी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीसाठी, रक्त देऊन टाकलं होतं. आईचा निकाल तयारच होता, "पेशी वाढल्यात, आता अँटिबायोटिक लागणार." डॉक्टरांनी रिपोर्टवर नजर टाकून तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "लसीचं कार्ड आणलंय?" आईला हे अजिबात आवडलं नाही.

पण प्रश्न बरोबर होता. १९९३ मध्ये अमेरिकेत अशा पोरांसाठी नियमावली निघाली. तीन महिने ते तीन वर्षांचं मूल, ताप १०२ च्या वर, कारण सापडत नाही आणि पांढऱ्या पेशी १५,००० च्या पुढे असतील, तर रक्ताचं कल्चर करा, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघा, आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्या. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं. वरवर बरं दिसणाऱ्या अशा शंभर तापकऱ्या मुलांमागे तीन-पाच जणांच्या रक्तात जंतू लपलेले असत. बहुतेकदा न्यूमोकोकस, त्याखालोखाल हिब. त्यातून काहींना मेंदूज्वर होई.

या दोन्ही जंतूंची गंमत म्हणजे त्यांच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं कवच असतं. दोन वर्षांखालच्या मुलाची प्रतिकारशक्ती नुसत्या साखरेला नीट ओळखतच नाही. म्हणून लस बनवताना त्या साखरेला एक प्रथिन जोडतात. प्रथिन दिसलं की शरीर जागं होतं आणि सोबतची साखरही लक्षात ठेवतं. आपण कडू गोळी गुळात लपवून देतो, इथं साखरच गळी उतरवण्यासाठी दुसरं काही जोडावं लागतं. हिबची लस आपल्याकडे पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्र लसीत असते, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. न्यूमोकोकसची लस सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि २०२१ मध्ये देशभर पोचली. सहा आणि चौदा आठवड्यांना एकेक डोस, नवव्या महिन्यात बूस्टर.

लस आल्यावर रक्ताच्या चाचणीचं काय झालं, याचा हिशेब करून बघू. समजा, पेशींची चाचणी दहातली आठ खरी प्रकरणं पकडते आणि निरोगी रक्ताच्या चौघांपैकी एकालाही उगाच बाण दाखवते. जुन्या काळातली हजार मुलं घ्या. तीस जणांच्या रक्तात जंतू, त्यातले २४ सापडले. उरलेल्या ९७० पैकी सुमारे २४२ जणांवर खोटा आळ. म्हणजे बाण असलेल्या अकरांत एक खरा. आता लस घेतलेली हजार मुलं. जंतू पाच जणांत, सापडले चार, खोटा आळ २४९ वर. बाण असलेल्या त्रेसष्टांत एक खरा. लॅब तीच, यंत्र तेच, बाणही तोच.

सातारकरांना हे सांगायला खरं तर गणित लागू नये. आषाढात महाबळेश्वरावर काळा ढग आला की आपण छत्री घेतो. तसाच ढग दहिवडीवर आला, तर माणदेशातला माणूस वर बघतो आणि कामाला लागतो. एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, दुसरीकडे पाचशेच्या आसपास. ढगाचा अर्थ गावावरून ठरतो. लस घेतलेलं मूल हे दहिवडी आहे.

शिवाय पांढऱ्या पेशी विषाणूच्या तापातही वाढतात, उलट्यांनी वाढतात, पोर आक्रोश करून रडलं तरी वाढतात. सुई बघून आमची पोरगी किती रडली असेल, ते लॅबवाल्यालाच ठाऊक. सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाची वेगळीच तऱ्हा. यकृत ते बनवायला काही तास घेतं, त्यामुळे ताप चढल्या चढल्या काढलेला सीआरपी नॉर्मल आला तरी त्यावर विसंबता येत नाही.

अमेरिकेचा हिशेब इथं जसाच्या तसा चालणार नाही, हेही खरं. आपल्याकडे डेंग्यू आहे, मलेरिया आहे, टायफॉइड आहे, आणि या तिन्हींवरच्या लसी आपल्या मुलांच्या सरकारी कार्डावर नाहीत. तिथं रक्त तपासावंच लागतं, पण वेळ साधून. डेंग्यूची एनएस१ चाचणी पहिल्या काही दिवसांत कामाची; प्लेटलेट्स सहसा तिसऱ्या दिवसानंतर उतरतात. टायफॉइडची विडाल चाचणी तर पहिल्या आठवड्यात करून जवळपास काहीच हाती लागत नाही, तरी ती सर्रास होते.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र यातलं काहीच लागू नाही. त्याला १००.४ ताप आला तरी कार्ड, हिशेब, ढग सगळं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठायचा. मोठं मूलही मलूल पडलं, पाणी पिईना, धाप लागली किंवा झटका आला, तर तसंच.

वहिनीच्या मोबाइलमध्ये कार्डाचा फोटो निघाला. पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस, न्यूमोकोकलचा बूस्टर, नवव्या महिन्यातली गोवर-रुबेलाची लस, सगळ्यांवर तारखा. डॉक्टरांनी पोरीला खेळवून पाहिलं, कान-घसा बघितला आणि एकच चाचणी सांगितली, लघवीची. लस घेतलेल्या या वयाच्या मुलांत कारण न सापडणाऱ्या तापामागे लपलेला जंतुसंसर्ग असलाच, तर तो बहुतेकदा लघवीच्या मार्गाचा असतो, मुलींत जास्त. ती स्वच्छ आली. औषध फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे.

चौथ्या दिवशी सकाळी ताप गेला आणि पाठ-पोटावर गुलाबी पुरळ उमटलं. "गोवर आला!" म्हणत आई कडुनिंबाचा पाला आणायला निघाली. वहिनीनं फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गोवराचं पुरळ भर तापात उठतं, ताप उतरल्यावर उठणारं हे रोझिओला, विषाणूचं, आपोआप जाईल. पाला तरीही आणला गेला. पोरगी तो चघळायला बघत होती.