नवा अल्बम आणि नवी गाणी: घोळ 'ओरिजिनल' शब्दाचा

"ओरिजिनल गाणी आहेत ना?" हा प्रश्न मी पुण्यात दोघांच्या तोंडून ऐकतो आणि दोघांना अगदी उलट गोष्टी हव्या असतात. जुन्या बाजारात रेकॉर्डींच्या खोक्यापुढे उकिडवा बसलेला गृहस्थ विचारतो, तेव्हा त्याला मूळ गायकाच्या आवाजातली जुनी तबकडी हवी असते, दुसऱ्या कुणी गायलेलं व्हर्जन नको असतं. माझी भाची फोनवरून विचारते, तेव्हा तिला गायकाने स्वतः नव्याने रचलेली, आजवर कुणी न ऐकलेली गाणी हवी असतात. त्याच्या लेखी ओरिजिनल म्हणजे जुनं, तिच्या लेखी ओरिजिनल म्हणजे नवं.

एरवी यातून काही बिघडत नाही. पण एखादा ज्येष्ठ कलावंत, जो स्वतः लिहितो, स्वतः चाल बांधतो आणि स्वतः गातो, तो आठ-दहा वर्षांनी नवा अल्बम काढतो आणि बातमी येते, 'ओरिजिनल गाण्यांसह पुनरागमन'. मग बरेच जण समजतात की जुनी लोकप्रिय गाणी मूळ आवाजात परत आली. उलटंही घडतं. काही वर्षांपूर्वी एका दैनिकातली चौकट वाचून मी अशीच एक सीडी मागवली. 'बारा नवी गाणी' असं छापलं होतं. कव्हर उलटून पाहिलं, तर बाराच्या बारा गाणी माझ्याकडे जुन्या तबकड्यांवर होती, वाद्यमेळ तेवढा नवा. गायला तो छानच होता. पण मी ज्याची वाट पाहत होतो, ते हे नव्हतं.

जुन्या गाण्यांचा नवा अल्बम म्हणजे काय, हे पुणेकराला सांगायला नको. टिळक स्मारकला काय, यशवंतराव नाट्यगृहाला काय, वर्षभर आपण तेच ऐकत असतो: तीच गाणी, नवा साथसंगतीचा संच, मधूनमधून निवेदन. रीमास्टर, अनप्लग्ड, लाइव्ह, डिलक्स आवृत्ती हे सगळं त्याच कप्प्यात टाका. त्यांच्यातले फरक ध्वनिमुद्रकाच्या कामाचे, आपल्या विषयाला त्यांनी काही फरक पडत नाही.

खरी ठेच लागते ती दुसरीकडे. गाणं आणि गाण्याचं ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपल्या मनात पक्कं बसलेलंच नाही.

याला आपला कानच कारण आहे. आपण गाणं गायकाच्या नावाने ओळखतो. 'लताबाईंचं गाणं', 'बाबूजींचं गाणं' म्हणतो आणि पुढे जातो. ज्याच्या गळ्यातून आलं, त्याचं ते गाणं. त्यामुळे गायक नव्याने गायला की आपल्याला गाणंच नवं झाल्यासारखं वाटतं, आणि ज्याच्या आवाजात आपण पहिल्यांदा ऐकलं ते 'ओरिजिनल' ठरतं.

आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. गीतरामायण. १ एप्रिल १९५५ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे ही मालिका चालली. गीतं ५६. शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या. पण आकाशवाणीवर ती सगळी बाबूजींनी गायलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे गायक आपापल्या वाट्याची गीतं गात होते. सगळी ५६ गीतं बाबूजींनी एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली ती नंतर, आणि घराघरांत तीच पोचली. आज कुणालाही 'ओरिजिनल गीतरामायण लाव' म्हणा, तो बाबूजींचा आवाज लावेल. म्हणजे ज्याला आपण डोळे मिटून मूळ म्हणतो, ते खरं तर नव्याने केलेलं ध्वनिमुद्रण आहे. रचना तीच, गाणारे बदलले. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट मला स्वतःला बाबूजींचीच ५६ प्रिय आहेत. पण रचना कधी झाली आणि ध्वनिमुद्रण कधी झालं, या दोन तारखा वेगळ्या आहेत, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

कायदाही या वस्तू वेगळ्याच धरतो. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरीच वस्तू. शब्दांचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, चालीचा चाल बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ध्वनिमुद्रणाची मात्र ६० वर्षं ते प्रकाशित झाल्यापासून मोजतात, गायक हयात असो वा नसो. गदिमा १९७७मध्ये गेले, बाबूजी २००२मध्ये. या हिशेबाने एकाच गीताचे शब्द २०३७च्या अखेरीस मोकळे होतात आणि चाल २०६२च्या.

भाचीला हे मी वेगळ्या वाटेने समजावलं. ती टेलर स्विफ्ट ही अमेरिकन गायिका ऐकते. त्या बाईच्या पहिल्या सहा अल्बमांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी २०१९मध्ये परस्पर दुसऱ्याकडे गेली. पण शब्द आणि चाली तिच्या स्वतःच्या, म्हणून तीच गाणी पुन्हा गाऊन नवी ध्वनिमुद्रणं काढायला ती मोकळी होती, आणि २०२१ ते २०२३ या काळात तिने चार अल्बम तसे काढलेही. "म्हणजे मामा, गाणी जुनीच, रेकॉर्डिंग नवं," भाची म्हणाली. बरोबर. त्यांच्या शेपटाला तिने तेव्हाच लिहिलेली, पण मूळ अल्बमांत न घेतलेली काही गाणीही जोडली होती. ती कशात धरायची? रचना जुनी, प्रकाशन पहिलंच. मी त्यांना नवी म्हणत नाही. माणसाने गाणं कधी रचलं, ते माझ्या दृष्टीने महत्त्वाचं.

इथेच आणखी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण ती मला रोज खुपते. इंग्रजीतल्या 'सिंगर-साँगरायटर'ला आपल्याकडे सरसकट 'गायक-गीतकार' म्हणतात. हे चुकीचं आहे. तिकडे साँगरायटर म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही करणारा. आपल्याकडे गीतकार फक्त शब्द लिहितो, चाल संगीतकाराची. शब्द, चाल आणि गळा अशी तीन कामं आपण पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेत आलो आहोत. पेशवाईतले शाहीर होनाजी बाळा तर दोन माणसं होती, आणि हे अजून कितीतरी जणांना ठाऊक नाही: कवनं रचायची होनाजी शिलारखाने यांनी आणि गायची बाळा करंजकर यांनी. तिन्ही कामं एकहाती करणारे आपल्याकडे झालेच नाहीत असं मुळीच नाही. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) लिहायचे, चाल लावायचे आणि गावोगाव स्वतः गायचे. प्रभा अत्रेंनी स्वतः बांधलेल्या बंदिशी मैफलींत गायल्या. शब्द आणि स्वर दोन्ही रचणाऱ्याला शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथापासून 'वाग्गेयकार' हा नेमका शब्द आहे. तेराव्या शतकापासून हाताशी असलेला शब्द सोडून आपण अर्धवट भाषांतर का वापरावं? तो जड वाटत असेल, तर 'स्वतःची गाणी रचून गाणारा' म्हणा. पण 'गायक-गीतकार' म्हणू नका, त्यात चाल हरवते.

आणि अल्बमबद्दल बोलताना 'ओरिजिनल'ऐवजी 'स्वरचित नवी' म्हणा. दोन्ही शब्द लागतात. नुसतं 'स्वरचित' म्हटलं तर त्याच माणसाची जुनी गाणीही त्यात येतात, नुसतं 'नवी' म्हटलं तर दुसऱ्या कुणी रचलेली येऊ शकतात.

'पुनरागमन' या शब्दाचंही तसंच. स्वतःची गाणी रचून गाणारा अमेरिकन बॉब डिलन, त्याचा २०२०चा अल्बम आला तेव्हा तो आठ वर्षांनी परतला, असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलं. तो गेलाच कुठे होता? दरम्यान त्याचे दौरे चालू होते, २०१५, २०१६ आणि २०१७ या वर्षांत त्याचे तीन अल्बम आले होते. त्या तिन्हींत मिळून ५२ गाणी, पण त्यांतलं एकही त्याने रचलेलं नव्हतं. अमेरिकेतली जुनी, बहुतेक फ्रँक सिनात्राने कधी ना कधी गायलेली गाणी त्याने आपल्या आवाजात गायली. साहित्याचं नोबेल मिळालं ते २०१६ सालही याच काळातलं. स्वरचित नव्या गाण्यांचा त्याआधीचा अल्बम २०१२चा. म्हणजे आठ वर्षांचा खंड पडला तो लिहिण्यात, गाण्यात नव्हे. परतणं असेलच तर ते लेखणीचं. ७९व्या वर्षी त्याने त्यात एक गाणं सतरा मिनिटांचं केलं. ५२ परक्या गाण्यांत इतकी वर्षं राहून आलेला माणूस पुन्हा स्वतःचं लिहायला बसतो, तेव्हा त्याच्या ओळींत काय उतरलं असेल, ही ओढ मला होती. 'ओरिजिनल' म्हणजे जुनी गाणी असं समजणाऱ्याला ही ओढ कधी लागणारच नाही, याचं मला वाईट वाटतं.

डिलनच्याच वयाचा, १९४१चाच, आणि तसाच स्वतःची गाणी रचून गाणारा अमेरिकन, पॉल सायमन. फरक बोट ठेवून दाखवायचा असेल तर मी त्याचे दोन अल्बम शेजारी ठेवतो. २०१८मध्ये त्याने स्वतःचीच जुनी, फारशी कानावर न पडलेली दहा गाणी निवडली, त्यांची वाद्यरचना बदलली, काही ठिकाणी शब्दही हलवले आणि पुन्हा गायली. ऐकताना कळतं की हा माणूस आपल्याच घरातलं फर्निचर सरकवून बघतो आहे. मग २०२३मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी, सात भागांची एक सलग नवी रचना आली. ३३ मिनिटं, मध्ये थांबा नाही, एकेक तुकडा सुटा ऐकायची सोय मुद्दामच ठेवलेली नाही. या रचनेचं नाव त्याला स्वप्नात सुचलं आणि काम चालू असतानाच डाव्या कानाने ऐकू येणं जवळपास बंद झालं, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. पहिल्या अल्बमात तो आपल्या जुन्या विचारांकडे आजच्या आवाजाने बघतो. दुसऱ्यात विचारच आजचा आहे, मरण समोर दिसणाऱ्या माणसाचा. दोन्हींवर नाव तेच, आवाजही साधारण तसाच थकलेला. 'पॉल सायमनचा नवा अल्बम' हे शब्द दोन्हींना लागू पडतात, म्हणून ते निरुपयोगी आहेत.

मला यातलं कोणतं आवडतं? दुसरं, आणि निःसंशय. उतारवयात जुनी गाणी सुंदर गाणारे पुष्कळ आहेत. त्या वयात नवं रचायला बसणं, ते पडेल या भीतीसकट बसणं, फार थोड्यांकडून होतं.

ओळखायचं कसं, ते थोडक्यात. कव्हरच्या मागे गोलातला पी आणि पुढे साल असतं, ते ध्वनिमुद्रणाचं. ते साल पाहून गाणं नवं ठरवू नका, तिथेच सगळे फसतात. शब्द कुणाचे आणि चाल कुणाची, हे प्रत्येक गाण्याखाली वाचा. फोनवर ऐकत असाल तर बऱ्याच अ‍ॅपमध्ये गाण्याशेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की क्रेडिट्स, म्हणजे कुणी काय केलं त्याची नोंद, सापडतात. मग तेच गाणं आधी कधी आलं होतं का, ते शोधा. दोन मिनिटांचं काम आहे.

भाचीला हे जमतं का, ते बघायला मी तिच्यापुढे जोनी मिचेल या स्वतःची गाणी रचून गाणाऱ्या गायिकेचा २००७चा अल्बम ठेवला. स्वतःच्या नव्या गाण्यांचा तिचा त्याआधीचा अल्बम १९९८चा, आणि मधल्या काळात तिने २०००मध्ये बहुतांशी इतरांची जुनी गाणी आणि २००२मध्ये स्वतःचीच जुनी गाणी ऑर्केस्ट्रासह गाऊन घेतली होती. म्हणजे या अल्बमला 'स्वरचित नव्या गाण्यांचा' म्हणायला हरकत नसावी. गाणी दहा. भाची कव्हर हातात घेऊन खाटेवर बसली, एका हातात पेन्सिल. पहिल्यापुढे तिने प्रश्नचिन्ह काढलं, कारण त्यात शब्दच नाहीत, नुसतं वाद्यसंगीत. सहाव्याशी थांबली: हे तर १९७०चं गाणं, पुन्हा गायलेलं. त्यावर तिने काट मारली. शेवटच्यापाशी मला विचारलं, "मामा, शब्द किपलिंग या कवीचे आहेत आणि चाल हिची. हे हिचं धरायचं का?" मी म्हटलं, चाल हिची, शब्द उसने, तसंच लिही. तिने तसंच लिहिलं. उरलेली सात तिने एकापाठोपाठ लावली आणि आम्ही दोघांनी ती न बोलता ऐकली.