विद्यार्थ्याच्या भाड्याला जामीन राहणे

विद्यार्थ्याने खोलीचे भाडे थकवले किंवा घराचे नुकसान केले तर ते आपण भरून देऊ, अशी तिसऱ्या माणसाने घरमालकाला दिलेली हमी. सांगली-मिरजेत हा जामीनदार बहुधा मामा, काका किंवा वडिलांचा शहरात नोकरीला असलेला मित्र असतो.

विश्रामबागेत विलिंग्डन (1919) आणि वालचंद अभियांत्रिकी (1947) ही महाविद्यालये, तर मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (1962) आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या मुलांचा वसतिगृहात नंबर लागला नाही की तिघे-चौघे मिळून फ्लॅट बघतात, नाहीतर कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरते भाडे देऊन, राहतात. कॉट बेसिसला डिपॉझिट आणि वडिलांचा मोबाइल नंबर यांवर सहसा भागते. अख्खा फ्लॅट द्यायचा म्हटला की मात्र मालक म्हणतो, “इथलं कुणीतरी मोठं माणूस आणा.” ते मोठे माणूस नुसती ओळख द्यायला आले आहे की जामीन राहायला, हे त्या वेळी कुणी विचारत नाही. वादाचे मूळ इथेच असते.

भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 126 नुसार हमी लेखी असू शकते, तशी तोंडीही. त्यामुळे “भाड्याचं माझ्याकडं लागलं” हे दारात उभ्या उभ्या बोललेले वाक्यही हमी ठरू शकते. ते सिद्ध करणे अवघड, एवढेच. कलम 128 प्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. मालकाने आधी विद्यार्थ्यावर दावा लावावा, असे बंधन नाही. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहून हात पोळलेल्यांना हे नवीन नाही, पण भाच्याच्या खोलीचा कागद तीच माणसे न वाचता सही करून देतात. करारावर केवळ साक्षीदार म्हणून सही केल्याने मात्र कुणी जामीनदार होत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी मालकाची आहे. करार बहुधा 11 महिन्यांचा असतो. हमीचे कलम त्यातच घालतात किंवा वेगळ्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतात.

खरी मेख सामाईक फ्लॅटमध्ये आहे. समजा, चौघांनी मिळून 12,000 रुपयांचा फ्लॅट घेतला. करारात “सर्वजण एकत्रितपणे व स्वतंत्रपणे जबाबदार” असे वाक्य आहे, म्हणजे पूर्ण भाडे कुणा एकाकडूनही मागता येते. दिवाळीनंतर एकाला हॉस्टेल मिळाले, दुसरा कॉलेज सोडून गावी गेला. एकट्या भाच्यासाठी आलेल्या मामाने “भाड्यास जामीन” एवढ्याच शब्दांवर सही केली असेल, तर पूर्ण 12,000 ची मागणी त्याच्याकडे येऊ शकते. म्हणून नाव, 3,000 रुपयांचा हिस्सा, मुदत आणि कमाल रक्कम हे चारही मुद्दे कागदावर हवेत. लाईट बिल आणि मोडतोड हमीत धरली आहे की नाही, तेही. एकाच रकमेला अनेक जामीनदार असतील तर करार अधिनियमाच्या कलम 146 नुसार, वेगळे ठरले नसल्यास, बोजा त्यांच्यात सारखा वाटला जातो.

दरमहा भाड्याची चालू हमी पुढच्या देण्यांपुरती मालकाला नोटीस देऊन मागे घेता येते (करार अधिनियम, कलम 130), मात्र करारात तसे न करण्याचे ठरले नसावे. मालक आणि मुलांनी जामीनदाराला न विचारता भाडे वाढवले, तर त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो (कलम 133). जामीनदाराने हमीनुसार रास्तपणे भरलेली रक्कम त्याला विद्यार्थ्याकडून वसूल करता येते (कलम 145). नात्यात ती कुणी मागत नाही, हा भाग वेगळा.

अकरावी-बारावीच्या मुलांची गोष्ट निराळी. 18 वर्षांखालील मुलाला करार करता येत नाही, त्यामुळे तिथे जामीन शोधत बसण्यापेक्षा वडिलांनी किंवा आईने स्वतःच्या नावावर करार करणे सरळ पडते.

इंग्लंडला शिकायला गेलेल्या मुलांकडे तिथले घरमालक सर्रास जामीनदार मागतात, आणि तो ब्रिटनमध्येच राहणारा हवा असतो. सांगलीतल्या वडिलांची सही तिथे सहसा चालत नाही. 1677 च्या कायद्यामुळे तिथे अशी हमी लेखीच असावी लागते. तिकडे नात्यातले कुणी नसेल तर फी घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या आहेत.